वायफायची ऊब

मार्गशीर्ष लागला, नाशकात थंडी उतरली आणि सायलीचं वायफाय आजारी पडलं. आजार तरी किती शिस्तीचा! सकाळी साडेनऊला अंथरूण धरायचं ते दुपारी चारला उठायचं. चारनंतर मात्र दावं तोडलेल्या वासरासारखं उधळायचं. सरकारी हापिसातला माणूससुद्धा इतक्या ठरल्या वेळेला झोपत नाही.

सायली ही कुसाबाईंची सून. म्हसरूळला, गोदाई हाइट्सच्या तिसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. द्राक्षांचे कंटेनर परदेशी जातात, त्यांचे कागद. माल कुठल्या बागेतला, फवारणी कधी झाली, उतरायचा कुठल्या बंदरात, हे सगळं ती बसल्या जागी जुळवायची. कुसाबाईंनी दिंडोरीत उभा जन्म द्राक्षं पिकवली. क्रेट भरले, गाडीत चढवले, गाडी वळणावर दिसेनाशी झाली की त्या द्राक्षाशी संबंध संपला. "आन् ही पोरगी त्याला पार समुद्रापल्याड पोचवून येती, ते बी पायात चप्पल न घालता," असं त्या झाडून साऱ्या पाहुण्यांना सांगत. सायलीच्या तोंडावर मात्र चकार शब्द नाही. सुनेला बोल लावायचे ते तोंडावर आणि कौतुक करायचं ते पाठीमागं, हा त्यांचा नेम. याच्या उलट वागणाऱ्या सासवा त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या घरांतली भांडी चौकापर्यंत वाजलेली ऐकलीही होती.

सोमवारी अकराच्या सुमारास त्या चहा घेऊन मागच्या खोलीत गेल्या, तर पडद्यावर सायलीचे साहेब तोंड वासून थिजलेले. एक डोळा उघडा, एक मिटलेला.

"ह्यांला काय झालं गं?" कुसाबाईंनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला.

"काही नाही आई, नेट अडकलंय. त्यांना तिकडं मीही अशीच दिसत असणार."

आपली सून कुणाला अशी दिसावी, हे कुसाबाईंना मुळीच पटलं नाही. तेवढ्यात साहेबांचा आवाज आला, चाळणीतून पडावा तसा तुकड्यातुकड्यानं. शुक्रवारी अकराला हॉलंडचे व्यापारी भेटणार आहेत, बोलायचं सायलीनंच आहे, आणि त्या दिवशी पुन्हा असं झालं तर मॅडम, माफ करा, एक तारखेपासून पुण्याला ऑफिसात येऊन बसावं लागेल. एवढं सगळं स्वच्छ ऐकू आलं. वाईट बातमीला नेट कधी कमी पडत नाही.

"जा की मग पुण्याला," चहाचा कप आपटत कुसाबाई म्हणाल्या. "तिथं काय माणसं राहत नाहीत?"

आणि स्वयंपाकघरात येऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. लेक राजू सातपूरच्या कारखान्यात, त्याला हलता येणार नाही. म्हणजे सून पुण्यात, लेक नाशकात आणि मधे दोनशे किलोमीटर घाट नि टोलनाके. सायली नसलेलं घर त्यांनी मनातल्या मनात एकदा बघितलं आणि लगेच झाकण ठेवलं.

"अहो," त्या कारभारींना म्हणाल्या, "पोरगी चालली. काय तरी करा."

कारभारी म्हणजे त्यांचे यजमान. सोफ्यावर बसून ते मफलर शोधत होते. हल्ली त्यांचा मफलर सकाळी साडेनऊला हरवायचा आणि चारनंतर खुंटीला सापडायचा. दिवसभर त्यांचे कान गार. यंत्रावरचा त्यांना ठाऊक असलेला इलाज एकच. विहिरीवरची मोटर रुसली की ते बंद करून चालू करत, आणि चाळीस वर्षं मोटर त्यांचं ऐकत आली होती. ते उठले, शोकेसजवळचं भिंतीवरचं बटण बंद केलं, मनात दहा आकडे मोजले, चालू केलं.

मागच्या खोलीतून सायली ओरडली, "नाना! होतं तेवढंपण गेलं!"

"बसा खाली," कुसाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं फक्त मोटर चालती, ती बी भिऊन."

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ती अख्ख्या बिल्डिंगीत कुणालाच माहीत नव्हती. नाशकाच्या थंडीत दही लागत नाही. सकाळी विरजावं तर संध्याकाळपर्यंत दूध तसंच्या तसं, वर जरा आंबूस पाणी, म्हणजे ना दूध ना दही. गोदाई हाइट्समधल्या चोवीस घरांत मार्गशीर्षापासून विकतच्या डब्यातलं दही येई. एकट्या कुसाबाईंच्या घरी मात्र असं दही लागे की सुरी चालवावी आणि वडी उचलावी. बाया विचारत, "मावशी, कसं हो जमतं?" कुसाबाई दोन बोटं वर करत आणि म्हणत, "हाताचा गुण असतो."

हातात गुण होताच, त्यात वाद नाही. पण खरा गुण होता जागेत. हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात दोन डब्या होत्या. एक बारकी, आणि एक दोन शिंगांची. शिंगं म्हणजे ॲन्टेना, आणि ॲन्टेना म्हणजे टीव्ही, हे कुसाबाईंना पस्तीस वर्षांपासून पाठ होतं. दिंडोरीच्या घरावर असलाच, फक्त थोरला, कौलावर चढून फिरवावा लागे. तर ही टीव्हीची डबी दिवसभर मांजरासारखी ऊबदार असे. धूळ नको म्हणून त्या कप्प्याला कुसाबाईंनी जुन्या साडीचा पडदा शिवला होता. रोज साडेनऊला, टीव्ही बंद असताना, त्या पडदा सारत, विरजलेलं स्टीलचं पातेलं त्या डबीवर ठेवत, वरून लोकरीचं काहीतरी गच्च गुंडाळत आणि पडदा ओढून घेत. चारला दही तयार. विरजणाची जागा कुणाला सांगू नये, दृष्ट लागते. त्यांनी ती नवऱ्यालाही सांगितली नव्हती, आणि लोकर तर त्याचीच होती.

असो. सोमवारचा दिवस मावळायच्या आत सायलीचं दुखणं सगळ्या जिन्याला कळलं.

पहिल्या आल्या समोरच्या लताबाई. सटाण्याच्या, बोलण्यात मधेच अहिराणी. त्या रोज विरजणाला वाटी घेऊन येत आणि मोबदल्यात सल्ला ठेवून जात. "मावशी, नजर लागेल शे माय! घरात बसून पोरगी एवढं कमावते, लोकांना बघवतं का? कॉम्प्युटरवरून मीठ-मोहरी उतरून टाका. आणि नाहीतर मग व्हायरस असंल."

"व्हायरस असला तर काय करायचं? वाफ द्यायची?"

"माझा भाचा सांगत होता, अँटी काहीतरी असतं."

"आंटी तर तुम्ही आलायच की," कुसाबाई म्हणाल्या आणि वाटीत चमचाभर विरजण जरा जास्तच घातलं. जीभ तिखट असली तरी हात आखडता नव्हता.

मागोमाग वरच्या मजल्यावरचे वेणीमाधवराव. यांचं मूळ घर पंचवटीतलं, पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचे विधी करणारं. पण हे स्वतः टेलिफोन खात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. खिशात पेनाऐवजी टेस्टर. तारेला धरून काहीही असलं की जगात त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही, असा त्यांचा समज होता आणि तो मोडायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. त्यांनी टेस्टर तीन बोर्डांत खुपसला, तिन्हींत दिवा लागला, तरी मान हलवली.

"वहिनी, प्रश्न अर्थिंगचा आहे. आमच्या वेळी जॉइंट असायचे, जॉइंट! चाळीस वर्षं हलायचे नाहीत. आता तारेत नुसती काच. काचेतून आवाज जाईल, पण कसा? घसरत."

"मग उपाय काय, भाऊ?"

"टेबल पूर्वेला करून पाहा."

टेबल पूर्वेला झालं. त्यापायी कपाट उत्तरेला गेलं, पलंग दारात आला, आणि सायली तीन दिवस खोलीत शिरायची ती पलंगावरून चढून. नेट होतं तिथंच होतं.

मंगळवारी नेटच्या कंपनीला फोन लावायचं काम कुसाबाईंनी स्वतः घेतलं. म्हणजे नंबर कारभारींनी लावला आणि बोलल्या या. पलीकडून एक गोड बाई म्हणाली, मराठीसाठी दोन दाबा. कुसाबाई म्हणाल्या, "दाबते, पण आधी ऐक तर." ती ऐकेना. तक्रारीसाठी तीन दाबा, म्हणाली. कुसाबाईंनी तिला सायलीचं शिक्षण, हॉलंडचे व्यापारी आणि पुण्याचा प्रवास हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही.

"हिला आई नाय वाटतं," कुसाबाई म्हणाल्या आणि फोन सुनेच्या हातात दिला.

फायबरवाला आला संध्याकाळी पाचला. साई नाव, दोन लेकरांचा बाप, पोट सांभाळत तीन जिने चढून आलेला. तोवर पातेलं फ्रीजमध्ये गेलं होतं, मफलर खुंटीला आला होता, आणि वायफाय असं पळत होतं की जणू आयुष्यात त्याला कधी शिंकही आली नाही. साईनं सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाइल काढला, काहीतरी दाबलं आणि पडदा कुसाबाईंपुढं धरला. "शंभर येतंय आजी. अजून काय पाहिजे?"

"सकाळी ये की."

"सकाळी माझ्याकडं पेठ रोडचा एरिया असतो. हां, नानांच्या मोबाइलवर ओटीपी आला असंल, तेवढा सांगा. म्हणजे तक्रार बंद करतो."

ओटीपी! कुसाबाई ताठ झाल्या. बँकेतल्या बाईनं त्यांना बजावून सांगितलं होतं: ओटीपी पोटच्या पोरालाही द्यायचा नाही.

"नाय मिळायचा."

"आजी, तो बँकेचा नाही, आमच्या कंपनीचा आहे."

"चोर बी असंच म्हणतो. आन् तक्रार बंद कशापायी करायची? रोग हाय तसाच हाय, तू आला तवा नेमका झोपला व्हता."

साईनं कपाळाला हात लावला. ही तक्रार बंद झाल्याशिवाय नवी घेता येत नाही, आणि नवी घेतल्याशिवाय सकाळचा माणूस मिळत नाही, असा तिकडचा नियम. कुसाबाईंचा नियम वर सांगितलाच आहे. दोन नियम समोरासमोर तासभर बसले. मधल्या वेळात साईनं दोन कप चहा आणि बशीभर दही-पोहे खाल्ले. दुसऱ्या घासाला तो थांबला. "आजी, ह्या थंडीत असं दही?"

"हाताचा गुण असतो."

ओटीपी न घेताच तो गेला. पण जिन्यातून तीनदा मागं वळून म्हणाला की दही मात्र एक नंबर.

बुधवारी कुसाबाईंना दिंडोरीला जावंच लागलं. बहीण यशोदाबाई, तिच्या नातवाचं बारसं. सकाळी सातच्या गाडीनं गेल्या, संध्याकाळी परत. त्यांच्या घरी विरजणाला दुसरा हात लागत नसे, म्हणून त्या दिवशी दही लागलं नाही. बारशात त्यांनी हॉलंडची गोष्ट चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी व्यापाऱ्यांची संख्या बरीच वाढली होती.

परत आल्या तर जिन्यातच लताबाई. "मावशी, काय सांगू! आज तुमच्या घरी दिवसभर नेट पळत होतं. एकदा म्हणून अडकलं नाही. तुम्ही नव्हत्या ना!"

वेणीमाधवराव मागंच होते. ते अतिशय गंभीर होऊन म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. काही व्यक्तींच्या अंगात स्थिर वीज असते. त्यात हातात बांगड्या, पायात जोडवी, गळ्यात डोरलं. माणूस चालता-फिरता अडथळा होतो. शास्त्र आहे."

कुसाबाई काही बोलल्या नाहीत. ज्यांनी त्यांना ओळखलं आहे त्यांना या वाक्याची भीती वाटेल. एक्केचाळीस वर्षं त्यांनी संसार ओढला, बाग उभी केली, दीर-नणंदा मार्गी लावल्या, आणि आता जिन्यात उभं राहून एक टेस्टरवाला त्यांना अडथळा म्हणत होता. त्या रात्री जेवल्या, पण चव कशाची लागली नाही. दही तर नव्हतंच.

गुरुवारी सकाळी साडेनऊला नेहमीप्रमाणं पातेलं जागेवर ठेवलं, गुंडाळलं, पडदा ओढला, आणि शाल घेऊन त्या सरळ गच्चीवर गेल्या. वारा असा की दात आपोआप जप करत होते. साडेदहापर्यंत बसल्या. खाली आल्या तेव्हा सायलीचा कॉम्प्युटर परवापर्यंत अडकत होता तितकाच अडकत होता.

"बघा!" जिन्याकडं तोंड करून त्या गरजल्या, म्हणजे वरच्या मजल्यालाही ऐकू जावं. "मी गच्चीवर, माझी जोडवी गच्चीवर, तरी नेट मेलेलंच! आता कुणाची वीज म्हणायची?"

वरचं शास्त्र दार लावून बसलं होतं. पण जिंकल्याचा आनंद पायरीभरच टिकला, कारण हॉलमध्ये सायली उभी होती, आणि उद्या शुक्रवार होता.

"आई," सायली म्हणाली, "लग्नानंतर मी पहिल्यांदा बागेत आले होते, तेव्हा शेवटच्या ओळीला पाणी पोचत नव्हतं. तुम्ही कसं शोधलं होतं ते?"

"ठिबकचं? त्यात काय शोधायचंय?" कुसाबाईंच्या अंगात ऊब आली. "शेवटच्या झाडाला पाणी नाय आलं तर अडाणी माणूस मोटरीला शिव्या घालतो. आपण उलटं चालायचं. शेवटच्या झाडापासून मोटरीकडं. नळीला हात लावत लावत. जिथं पाणी भेटलं, त्याच्या मागंच दुखणं."

"मग चला की माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमायचं."

कुसाबाईंनी पदर खोचला. सायलीच्या मोबाइलवर नेटचा वेग आकड्यात दिसत होता, आणि कुसाबाईंची शाळा चौथीत सुटली असली तरी आकड्यांना त्या कधी भ्यायल्या नव्हत्या. कॉम्प्युटरपाशी दोन. पलंग ओलांडून दारात आल्या तर चार. बोळातून हॉलमध्ये, सात. कारभारी गार कानांवर हात ठेवून मागून येत होते. शोकेसपाशी पोचल्या, तर अकरा.

"ह्याच्या पुढं?"

"ह्याच्या पुढं नाही आई. नेट इथूनच निघतं."

"आन् परवा साई म्हणाला शंभर." कुसाबाई थांबल्या. बागेत थांबत तशा, मान तिरकी करून. "मोटरीच्या तोंडालाच अकरा? मग नळीचा काय दोष? फिल्टर चोक झालाय, फिल्टर! कुणीतरी मोटरीच्या तोंडावरच बोळा कोंबलाय. कुण्या मूर्खानं—"

आणि त्यांनी पडदा सारला.

मफलर गुंडाळलेलं पातेलं बाळंतिणीच्या पोरासारखं निवांत बसलं होतं. त्याच्या खालून दोन शिंगं दोन्ही बाजूंना वाकून बाहेर आली होती, ओझ्याखाली बैलानं मान टाकावी तशी.

"ही टीव्हीची डबी हाय," कुसाबाई म्हणाल्या. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

"टीव्हीची ती शेजारची, बारकी," सायली हळूच म्हणाली.

"मग ही शिंगं?"

"त्यातूनच येतं, आई."

अर्ध्या लागलेल्या दह्याला हात लावू नये, हे लहान पोरालाही कळतं. हलवलं की फुटतं, पाणी सुटतं, मग कुत्रंही तोंड लावत नाही. कुसाबाईंनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं फुटलेलं दही. मफलर सुटून खाली पडला. सायलीच्या हातातला आकडा चढायला लागला. वीस. पंचेचाळीस. डबी जशी गार होत गेली तसा सत्तर, मग नव्वद.

"माझा मफलर!" कारभारी म्हणाले. त्या घरात त्या क्षणी निर्भेळ आनंद झालेला माणूस तो एकटाच.

दारात लताबाई, हातात वाटी. आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारा टेस्टर.

"काय सापडलं हो?"

कुसाबाईंची जीभ, जिला कधी विश्रांती म्हणून ठाऊक नव्हती, ती टाळूला चिकटली. हातात पातेलं. पळावं तर कुठं?

"वायर दुमडली होती," सायली म्हणाली. इतक्या सहज, की खोटं बोलायचं शिक्षण पुण्याच्या कंपनीत वेगळं देतात की काय असं वाटावं. "आईंनी शोधली. ठिबकसारखी. आई, ते दूध तेवढं ओट्यावर ठेवता?"

शुक्रवारी कुसाबाईंनी दही लावलं नाही. अकराला त्या मागच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसल्या. घंटेची वायर काढली, कुकर लावला नाही, कारभारींना शिंक आली ती डोळ्यांनीच परत पाठवली. आत सायली इंग्रजीत बोलत होती, आणि बोलत होती ती चांगली बसवलेल्या ठिबकसारखी. घाई नाही, खंड नाही, एक थेंब इकडचा तिकडं नाही. पलीकडचे गोरे मधेच काहीतरी खोचक विचारत, ही कागद पुढं करी आणि ते गप्प होत. पाऊण तासाच्या त्या साऱ्या बोलण्यात कुसाबाईंना एकच शब्द कळला: दिंडोरी. तो तीनदा आला. हॉलंडात बसलेल्या माणसांनीही तो एकदा म्हणून बघितला, वेडावाकडा. कुसाबाईंनी पदरानं नाक पुसलं. थंडी फार होती.

शेवटी साहेब मराठीत बोलले. अखंड बोलले, दोन्ही डोळे उघडे ठेवून. "सायली मॅडम, उत्तम. पुण्याचं विसरा. तुम्ही तिथूनच करा."

सायली पाणी प्यायला बाहेर गेली. कुसाबाई टेबलावरचा कप उचलायला आत आल्या, तर कपाखाली वही. कंपनीचं सगळं इंग्रजीत असे, पण हे पान मराठीत होतं, म्हणून त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. महिनाभराचा हिशेब होता, नेट कधी बसलं नि कधी उठलं त्याचा. खाली बुधवारपाशी लिहिलं होतं: आई दिंडोरीला. दही नाही. नेट दिवसभर छान. मफलर नानांच्या गळ्यात.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सायले," सायली परतल्यावर त्या म्हणाल्या, "तुला बुधवारीच कळलं व्हतं?"

सायलीनं मान खाली घातली.

"आन् गुरुवारी मला ठिबक विचारत बसली? उद्यावर मीटिंग, आन् मला मोटरीपर्यंत चालवत नेलं? माझं मला सापडलं नसतं तर?"

"तुम्हाला सापडत नाही असं कधी होतं का? मी सांगितलं असतं, तर तुम्ही दही लावणंच कायमचं सोडून दिलं असतं, आई. मला माहीत नाही का तुम्ही?"

हे इतकं खरं होतं की कुसाबाईंना रागच आला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. लताबाई. आज वाटी नव्हती, नुसतीच चौकशी. मागं वेणीमाधवराव, तेही चौकशीच.

"झालं ना सुरळीत?" लताबाई म्हणाल्या. "पण काही म्हणा मावशी, एवढी शिकलेली सून तुमची, आणि दुमडलेली वायर दिसायला महिना लागला! मी मेली चुलीपुढची, मलासुद्धा दिसली असती."

"मूलभूत ज्ञान कमी पडतं आजकालच्या पिढीचं," वेणीमाधवराव म्हणाले.

कुसाबाईंच्या डोक्यात दोन पारडी उभी राहिली. एकात त्यांची अब्रू, एक्केचाळीस वर्षं तळहातावर जपलेली, वर दह्याची कीर्ती. दुसऱ्यात ही पोरगी, गप्प उभी. विचार करायला फार वेळ लागला नाही.

"वायर-बियर काय नव्हती दुमडली," त्या म्हणाल्या. "नेटच्या डबीवर मी दही लावत व्हते. महिनाभर. मफलर गुंडाळून. ही जी वाटी भरभरून नेता ना लताबाई, ते नेटवरचं दही. हाताचा गुण-बिन काय नाय, त्या डबीचा गुण. आन् हिला कुणी सांगितलं नाय, हिनं वहीत टिपून शोधलं. तुम्ही मला जिन्यात अडथळा म्हणाला, भाऊ, त्याच दिवशी हिला कळलं व्हतं. तरी माझी मान खाली जाऊ नये म्हणून हिनं तोंडातून ब्र काढला नाय. खोटं बोलली माझ्यापायी. तुमच्या साऱ्या बिल्डिंगीत अशी सून असंल तर दाखवा. मी तिचे पाय धुते."

जिन्यात टाचणी पडली असती तर वेणीमाधवरावांनी तिलाही टेस्टर लावला असता, इतकी शांतता.

मग तेच म्हणाले, "म्हणजे वहिनी, मूलतः अडथळा तुमच्याकडूनच होता. शास्त्र बरोबर होतं."

लताबाई मात्र त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोवीस घरांचं कोडं सुटत होतं. "अगं माय! म्हणजे जागा ती होती!" आणि त्या चप्पल न घालताच आपल्या घराकडं पळाल्या, शिंगांची डबी कुठं आहे ते बघायला.

कुसाबाई वळल्या. सायली मागंच उभी होती, डोळे भरून. झालं, नेम मोडला. तोंडावर कौतुक.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"विसरून जा. डोक्यावर बसशील."

शनिवारी सकाळी साडेनऊला सायलीनंच त्यांना हाक मारली. कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागून गरम हवा येते, तिथं हातभर अंतरावर तिनं पाट ठेवला होता. "इथं ठेवा, आई. पेटीला चिकटवायचं नाही आणि तोंड झाकायचं नाही, एवढंच." कुसाबाईंनी हात लावून ऊब बघितली, नाक मुरडलं, म्हणाल्या, "पहिल्या जागेची सर नाय," आणि पातेलं ठेवलं. गुंडाळायला त्यांनी स्वतःची शाल काढली. कारभारींनी मफलर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

लताबाईंच्या घरी सोमवारपासून नेट साडेनऊला बसतं आणि चारला उठतं. वेणीमाधवराव रोज जाऊन अर्थिंग तपासतात. कुसाबाईंना विचारलं तर त्या दोन बोटं वर करतात आणि काही बोलत नाहीत.

इकडं मागच्या खोलीत साहेब दिवसभर बोलतात, हॉलंडचे गोरे बोलतात, सायली बोलते. त्या खोलीत आता गच्च थिजून बसतं ते फक्त दही.